चार मिनिटांचं काम

बावधन, पुणे
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

चि. निकिता,
सप्रेम जयभीम.

पत्राची सुरुवात अशी करायची, हे तात्यांनी मला चौथीत असताना शिकवलं होतं. त्यानंतर हाताने पत्र कधी लिहिलं ते आठवत नाही. अक्षर बघून हसू नकोस. तू माझा नंबर बंद केला आहेस, मेलला उत्तर देत नाहीस, तेव्हा दुसरा मार्ग उरला नाही. तात्या तुझ्याकडे येऊन जातात एवढं त्यांनी मला सांगितलं. कुठे, ते सांगितलं नाही. मुलीपेक्षा नात जवळची झालेली दिसते. असो. तुझा पत्ता मला माहीत नाही, म्हणून पाकिटावर नुसतं नाव घालून त्यांच्या हातात देते आहे.

घर सोडून तुला सोळा दिवस झाले. एवढ्या दिवसांत राग निवायला हवा होता.

२९ ऑगस्टला जे झालं त्याचं मलाही वाईट वाटतं. निशाला मी तुझ्या अकरावीपासून ओळखते. कॉलेज सुटल्यावर सूसला घरी जायच्या आधी ती आपल्याकडे थांबायची, माझ्या हातची भाकरी मागून खायची. पण वीस वर्षांच्या मुलीने घरी न सांगता बंगळुरूची बस धरायची, आणि ते फक्त तुला माहीत असायचं, हे मला पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. नर्सिंगला प्रवेश मिळाला तर घरी बसून सांगायचं. भाऊ तापट आहे, लग्नाची बोलणी चालली आहेत, सगळं मान्य. तरी सांगायचं. रस्त्यात काही बरंवाईट झालं असतं तर?

तू म्हणालीस, मी तुझे मेसेज वाचते. तसं नाही. हॉलमधला टॅबलेट आपल्या दोघींचा आहे. तुझ्या फोनवर येतं ते त्याच्यावरही येतं, कारण लॉकडाऊनमध्ये तूच म्हणाली होतीस की फोनवर बारीक दिसतं, मोठ्या पडद्यावर क्लासचे मेसेज बघता आले तर बरं. मी ती सोय करून दिली. त्या दिवशी मी भाजी निवडत होते, टॅबलेट वाजला, नजर गेली. एवढंच झालं.

तुझा फोन, लॅपटॉप, घरचं वायफाय, सगळं मी लावून दिलं आहे. हिंजवडीत मी चार हजार लोकांचे लॅपटॉप एका जागी बसून सांभाळते. कोणाचा हरवला तर कुलूप घालते, कोणाला व्हायरस लागला तर तो उठायच्या आत काढून टाकते. लोक मला धन्यवादाचे मेल लिहितात. घरी तेच केलं, तर त्याला तू पहारा म्हणालीस. तुझ्या बारावीच्या प्रोजेक्टच्या वेळी लॅपटॉपवर पाणी सांडलं होतं तेव्हा दहा मिनिटांत सगळं परत कोणी आणून दिलं होतं? तेव्हा पहारा नव्हता वाटतं.

घरी ये. तुझ्या खोलीत काही हलवलेलं नाही.

तुझी,
आई


बावधन
रविवार, २१ सप्टेंबर

निकी,

तात्यांनी तुझी चिठ्ठी दिली. एक ओळ. ‘टॅबलेट वाजला म्हणून दिसलं, की तू बघत होतीस?’ खाली सहीसुद्धा नाही.

सबटायटल लिहून लिहून तुला कमी शब्दांत बोलायची सवय लागली आहे.

तर ऐक. टॅबलेट वाजला नव्हता. त्याचा आवाज मी कधीच बंद केला होता, नाहीतर तुला आठवण झाली असती की तो अजून जोडलेला आहे. सकाळी चहा पिताना मी तो उघडते. पेपर उघडावा तसा. तुझं आणि निशाचं बोलणं मी आठवडाभर वाचत होते. सीट नंबर सात, संध्याकाळी पाचची बस, बॅग तू स्कूटरवरून आधीच चांदणी चौकात न्यायची. मला सगळं माहीत होतं. म्हणून तर त्या दिवशी तू रडत घरी आलीस तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, की पाचच्याच बसने एकटीने जायचं काय अडलं होतं. तू रडायची थांबलीस आणि माझ्याकडे बघत राहिलीस. बसची वेळ तू मला सांगितली नव्हतीस.

मी द्वारकाबाईंना फोन केला, तो त्या निशाच्या आई आहेत म्हणून. माझी मुलगी अशी निघाली असती आणि दुसऱ्या कोणा बाईला ते माहीत असतं, तर तिने मला सांगावं असंच मला वाटलं असतं. एवढं तरी समजून घेशील?

तू विचारलं नाहीस तरी सांगते. लॅपटॉपवर साधा एक फाँट टाकायला माझी परवानगी लागते, यावरून तू दोन वर्षं कुरकुरत होतीस. मी हसण्यावारी नेलं. खरं तर ती अट काढायला मला एक क्षण लागला असता. काढली नाही. तुला काही हवं असलं की तू माझ्या दारात यायचीस, म्हणायचीस, आई, जरा हे कर ना. मला ते आवडायचं.

आता तरी मला ‘पहारेकरीण’ म्हणणं सोड. तब्येत सांभाळ. तुला सर्दी धरते, आणि संध्याकाळी धरणाच्या काठाने फिरायला जायची काही गरज नाही, तिथला वारा बाधतो. कान बांधून जात जा.

आई


बावधन
गुरुवार, २५ सप्टेंबर

निकी,

तात्यांना मुद्दाम येरवड्याहून बोलावून घेतलं आणि हे देते आहे. पूर्ण वाच. मध्येच फाडू नकोस.

मागच्या पत्रात मी ‘धरणाच्या काठाने’ असं लिहिलं, हे पाकीट तात्यांसोबत गेल्यावर माझ्या लक्षात आलं. तुझ्या लगेच आलं असणार.

तुझा पत्ता मला पहिल्या दिवसापासून माहीत होता. तू गेलीस त्या संध्याकाळपासून. तू अकरावीत असताना तुझ्या फोनचं ठिकाण मला दिसत राहील असं मी करून ठेवलं होतं. ते कुठून बंद करायचं हे तुला कधी सांगितलं नाही. तू माझा नंबर बंद केलास, पण फोन, मेल, फोटो, सगळं आपल्या घरच्या खात्यावरच राहिलं. नकाशावर खडकवासल्याला एक निळा ठिपका दिसायचा. सकाळी घरात, दुपारी घरात, साडेपाचला काठाने चालत. पहिल्या पत्रात ‘पत्ता माहीत नाही’ लिहिताना नकाशा समोर उघडा होता.

मंगळवारी दुपारी मीटिंगमध्ये मी फोन बघितला तर ठिपका राखाडी झाला होता. ‘शेवटचं ठिकाण, ४१ मिनिटांपूर्वी.’ आणि ते ठिकाण काठावर नव्हतं, निकी, पाण्यात होतं.

फोनचं ठिकाण पन्नास मीटरने चुकू शकतं हे मी ऑफिसात लोकांना ट्रेनिंगमध्ये शिकवते. मी उठले आणि तशीच खाली आले. गाडी कशी चालवली ते सांगता येणार नाही. चांदणी चौकात गाड्या अडकल्या होत्या. मी हॉर्नवरचा हात काढत नव्हते, शेजारच्या रिक्षावाल्याने खाली उतरून विचारलं, ताई, काय झालंय. तुझे बाबा गेले त्या दिवशी त्यांचा फोन असाच बंद होता. सकाळी दहाला अपघात झाला आणि मला संध्याकाळी सातला कळलं. नऊ तास मी ऑफिसात बसून कामं करत होते, जेवले, कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक खाल्ला. त्या केकची चव मला अजून आठवते. त्यानंतर मी ठरवलं होतं की माझ्या माणसाचं मला कळलंच पाहिजे. तुला हे सांगून माफी मागत नाही. तुला ठाऊक असावं म्हणून सांगते.

बाकीचं तुला माहीत आहे. दोन दारं ठोठावली, तिसरं तू राहतेस त्या आनंदीबाईंचं निघालं. त्यांनी मला नखशिखांत पाहिलं आणि म्हणाल्या, निकिता आत आहे, सुखरूप आहे, तिने फोन तिच्या हाताने बंद केलाय, आणि तिला आपल्याला भेटायचं नाही. मग म्हणाल्या, पाणी हवं असेल तर देते. मी पाणी प्यायले. आतून तुझ्या खोकल्याचा आवाज आला. मी परत आले.

तात्या संध्याकाळी आले. मला वाटलं रागावतील. ते रागावले नाहीत. हात धुऊन बसले आणि म्हणाले, ‘पूर्णिमा, चौतीस वर्षं मी पुणे स्टेशनात टपाल वेगळं केलं. पोस्टकार्डं उघडीच असतात. लोक त्यात मुलीचं ठरलं, बाप गेला, सगळं लिहायचे. आम्ही पत्त्याची बाजू वर धरायचो. कोणी सांगितलं नव्हतं. पण उलटून वाचणारा एक होता, त्याच्या शेजारी बसून आम्ही डबा खात नव्हतो.’

मी त्यांना जेवायला वाढलं. ते जेवले, पण मला सारखं वाटत होतं की ते कसेबसे जेवताहेत.

आता जे कोणालाच सांगितलेलं नाही, तात्यांनाही नाही, ते.

द्वारकाबाईंना मी नुसतं कळवलं नव्हतं. माझा फोन गेला तेव्हा निशाची बस निघून अर्धा तास झाला होता. त्या रडायला लागल्या आणि फोन निशाच्या भावाने, सुखदेवने घेतला. त्याला काही सुचत नव्हतं, चार गाड्या काढा, स्वारगेटला माणसं पाठवा, असं काहीबाही बोलत होता. मी त्याला विचारलं, निशाचा फोन दुकानातून घेतला तेव्हा कोणाचा मेल टाकला होता? तो म्हणाला, माझाच, दुकानदारानेच टाकला, पटकन होतं म्हणून. मी म्हणाले, मग तुझ्या फोनवर मी सांगते ते उघड. चार मिनिटं लागली. गणपतीच्या गर्दीत बस नवले पुलाजवळ रखडली होती. त्याला ती हलत नसलेली दिसली.

त्याने तिला बसमधून कसं उतरवलं ते मला नंतर तुझ्याकडूनच कळलं. त्या वेळी त्याने मला मेसेज केला होता, ‘थँक्यू मॅडम’. मी अंगठा पाठवला होता.

तुझा फोन मी घरच्या खात्यातून काढला आहे. तू तो सुरू केलास तरी मला दिसणार नाही. टॅबलेटवरचं सगळं पुसून तो कपाटात ठेवला आहे.

आई


बावधन
रविवार, १२ ऑक्टोबर

निकी,

विजयादशमीला तू विहारात येशील असं वाटलं होतं. तात्यांनी पांढरा सदरा घातला होता आणि वंदना सुरू होईपर्यंत दाराकडे बघत होते. मीही.

तुझी दुसरी चिठ्ठी पंधरा दिवस पर्समध्ये घेऊन फिरते आहे. ‘निशाला सांगितलंस का?’

तुझा प्रश्न मला आधी नीट कळला नव्हता. निशाला दीड महिना वाटत होतं की तू फोडलंस. ज्या एका मैत्रिणीला सांगितलं तिनेच घात केला, असं समजून ती त्या घरात बसली होती, हे मी लक्षातच घेतलं नव्हतं. आपल्या दोघींचं भांडण म्हणूनच मी त्याच्याकडे बघत होते.

काल दुपारी मी सूसला गेले. आधी फोन केला नाही. सुखदेव साइटवर असतो ही वेळ बघून गेले, हेही सांगून टाकते. घर ओळखू येत नाही आता, समोरच्या शेतात बारा मजले उभे राहिलेत. द्वारकाबाईंनी आनंदाने आत घेतलं. त्यांच्या लेखी मी त्यांची अब्रू वाचवणारी. चहा टाकला, तेवीस नोव्हेंबरची तारीख धरली म्हणून सांगितलं, म्हणाल्या, ‘ताई, तुमी देवावानी आला त्या दिवशी. लग्नाला पुढं बसायचं बरं का.’

निशा चुलीमागच्या फळीवरचे डबे पुसत होती. बारीक झाली आहे. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

मी सांगितलं. चहाचा कप हातात होता, तो खाली ठेवला आणि सांगितलं, की निकिताने कोणाला काही सांगितलं नाही. मी तिचे मेसेज चोरून वाचत होते. फोन मी केला. आणि बस कुठे आहे हे सुखदेवला मीच काढून दिलं.

निशाने फडकं घडी करून ठेवलं. मला वाटलं ती ओरडेल, रडेल. ती म्हणाली, ‘चार मिनिटं लागली म्हणे. दादा सगळ्यांना सांगतो. चार मिनिटांचं काम, म्हणतो.’

‘तेव्हापासून सारखा फोन करतो,’ ती म्हणाली. ‘मंदिरात गेले तरी. तू दुकानापाशी का थांबलीस, कोणाशी बोलत होतीस. फोन आधी काढून घेतला होता. सोयरीक झाल्यावर परत दिला, मुलाचे फोन येतात म्हणून.’ मग तिने कमरेचा फोन काढून माझ्यासमोर ओट्यावर ठेवला. ‘यात तो कुठं कुठं बसलाय, दाखवा.’

द्वारकाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या बाहेर गेल्या आणि अंगण झाडायला लागल्या. अंगण स्वच्छच होतं.

मी फोनला हात लावला नाही. सवयीने बोटं पुढे गेली होती, ती मी मागे घेतली आणि तिला म्हणाले, तू उघड, मी सांगते. तो तीन ठिकाणी होता. फोनचं मूळ खातं त्याचं. ठिकाण दाखवण्याची परवानगी कायमची दिलेली. आणि तिचे मेसेज साइट ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उघडे होते, म्हणजे तो एकटाच नाही, तिथला कारकूनही वाचत असेल. ते ऐकल्यावर तिचं तोंड उतरलं. लग्नाच्या मुलाशी ती काय बोलते, तेही तिथे दिसत होतं.

तिने लगेच काढायला बोट नेलं. मी म्हणाले, आता काढलंस तर त्याला आज कळेल. तिने माझ्याकडे बघितलं. ती पुन्हा निघणार हे धरूनच मी बोलले होते, ते आम्हा दोघींनाही तेव्हाच कळलं असावं. मी सांगितलं, काढायचं त्या दिवशी आधी कॉम्प्युटर, मग ठिकाण, मग खातं, आणि आपलं नवं खातं आपल्याच हाताने. तिला लिहून देऊ का विचारलं. नको म्हणाली. तिने तीनदा तोंडी म्हणून दाखवलं, शाळेत पाढे म्हणतात तसं. तिसऱ्यांदा कुठे अडखळली नाही.

कॉलेज एकतीस तारखेपर्यंत जागा धरून ठेवणार आहे, एवढं ती म्हणाली. कधी जाणार, कशी जाणार, ते तिने सांगितलं नाही. प्रश्न अगदी माझ्या ओठांवर आला होता. निकी, तुला कदाचित खरं वाटणार नाही, पण मी तो गिळला.

निघताना तिला विचारलं, निकिताला काही निरोप देऊ का. ती म्हणाली, ‘नको, काकू. मीच सांगेन. तुमच्याकडून नको.’

हे ऐकून घ्यावं लागलं, आणि ते तुला कळवणं भाग होतं.

आई


बावधन
रविवार, २६ ऑक्टोबर

निकी,

काल सकाळी नऊला बेल वाजली. दारात सुखदेव. इस्त्रीचा शर्ट, दाढी वाढलेली, हातात फोन. तात्या इथेच मुक्कामाला होते, ते पेपर वाचत होते.

म्हणाला, ‘मॅडम, निशाचा फोन दिसंना झालाय. काल दुपारपास्नं. तेवढं परत लावून द्या.’

मी त्याला आत घेतलं. दारात ठेवलं नाही. तो सोफ्याच्या कडेवर बसला आणि बोलताना दर अर्ध्या मिनिटाला अंगठ्याने पडदा खाली ओढत होता. ओढायचा, थांबायचा, परत ओढायचा. तुझा ठिपका राखाडी झाला त्या दिवशी चांदणी चौकात मी हेच करत होते. मला त्याचा राग येईना.

मी म्हणाले, खातं तिने काढलं आहे, ते आता मला लावता येणार नाही.

‘तुमाला येतं. तुमी चार हजार मानसांचं बघता, निशानंच सांगितलं होतं.’

‘येत असलं तरी लावणार नाही,’ मी म्हणाले. ‘त्या दिवशी केलं ते चुकलं. तिने मला विचारलं, ते कसं काढायचं, आणि मी तिला दाखवलं.’

तो उभा राहिला. तात्यांनी पेपर खाली केला. सुखदेवचा आवाज चढला नाही, तो उलट खाली आला, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. म्हणाला, वडील अंथरुणाला खिळलेत, तेवीस तारखेच्या पत्रिका वाटून झाल्यात, त्यांना मी काय सांगू ते तुम्हीच सांगा. मी म्हणाले, मला माहीत नाही. ते खरं होतं. मग त्याने विचारलं, निकिता कुठे राहते, तिला ठाऊक असेल.

‘कुठे राहते ते मला माहीत आहे,’ मी म्हणाले. ‘तुला सांगणार नाही. आणि तिच्या वाटेला गेलास तर मी पोलीस चौकीत जाऊन आधी माझं नाव लिहून देईन, मग तुझं. निशा वीस वर्षांची आहे. तिला हवं तिथे जाता येतं.’

तो माझ्याकडे न बघता तात्यांना म्हणाला, ‘बाबा, तुमी तरी सांगा.’ तात्या म्हणाले, ‘पाणी पी, लेका. बस जरा.’ तो बसला नाही. जिना उतरताना त्याच्या बोटाचा पडद्यावर टकटक आवाज येत होता.

आता तुला एक सांगायचं आहे, आणि हे शेवटचं आहे, याच्या पलीकडे काही उरलं नाही. मागे मी लिहिलं की तुझा फोन काढला. लॅपटॉपबद्दल मी काही लिहिलं नव्हतं. तू विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. मी लांबून सांभाळते त्या लॅपटॉपच्या यादीत तो होता. मी उघडला नाही, पण होता. तू रोज कामाला बसलीस की नावासमोर हिरवी खूण यायची, मला तेवढी पुरायची. सुखदेव बसला होता तेव्हा मला कळत होतं, की दोन दारांपलीकडच्या खोलीत माझ्या टेबलावरून मी तुझ्या लॅपटॉपमध्ये शिरले, तर निशाने तुला काय कळवलं ते मिनिटाभरात दिसेल. त्याला देण्यासाठी नाही. मला स्वतःला जाणून घ्यायचं होतं, की ती पोहोचली का, कोणी भेटलं का, तुझा यात हात किती. तो गेल्यावर मी त्या खुर्चीत जाऊन बसले सुद्धा.

तात्या दारात येऊन उभे राहिले. त्यांनी विचारलं नाही काय करतेस. मी यादीत तुझ्या नावावर गेले आणि ‘काढून टाका’ दाबलं. पडद्यावर प्रश्न आला, नक्की का, या उपकरणावर पुन्हा ताबा मिळवता येणार नाही. ऑफिसात कोणी नोकरी सोडून गेलं की हे वाक्य मी महिन्यातून तीस वेळा बघते. कधी वाचलं नव्हतं. मी हो म्हटलं. तुझी ओळ गेली आणि खालची वर सरकली.

आता तुझा लॅपटॉप आपोआप काही करणार नाही. अपडेट तुला बघावे लागतील, फायलींची दुसरी प्रत तुला ठेवावी लागेल, बिघडला तर दुकानात न्यावा लागेल. कटकट आहे. फाँट मात्र हवे ते टाक.

संध्याकाळी द्वारकाबाईंचा फोन आला. मी उचलायला घाबरत होते. त्यांनी आधी सुखदेवबद्दल विचारलं, तो काही वेडंवाकडं बोलला का. मी म्हटलं, नाही. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, की निशाचे दहावी-बारावीचे दाखले सुखदेवने कपाटात कुलपात ठेवले होते. किल्ली त्यांच्याजवळ असते. शुक्रवारी सकाळी त्यांनी ते कागद काढून भाकरीच्या फडक्यात गुंडाळले आणि तिच्या हातात दिले.

मी विचारलं, ती कुठे आहे आता.

‘ते मला इचारू नका,’ त्या म्हणाल्या. ‘म्या बी तिला इचारलं न्हाई. आज दुपारी फोन आला तिचा, नव्या नंबरवरनं. म्या म्हनलं, पोचलीस का? ती म्हनली, पोचले. म्हनलं, बरं, ठेव.’

मग त्या रडल्या. मीही. दोघी फोन धरून बसलो होतो.

तात्या आता हे घेऊन निघताहेत. मी त्यांना तुझ्याबद्दल काही विचारत नाही असं ठरवलं आहे. ते परतले की पत्र पोहोचलं का, एवढंच विचारीन.

तुझी,
आई